खेड, खेंड आणि खेर्डी : चिपळुणातल्या हॅम रेडिओ प्रशिक्षणाच्या नोंदी

रविवार, ८ जानेवारी २०२३

शाळेने रविवारपुरता एक वर्ग दिला आहे, साडेनऊ ते एक. आज सतरा जण आले. हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना असलेले आम्ही तिघेच. बाकी दोन अंगणवाडी सेविका, कॉलेजची सहा मुलं, गोवळकोटचे दोन होडीवाले, एक रिक्षावाले, एक मेडिकलवाले, एक होमगार्ड आणि तार खात्यातून निवृत्त झालेले आप्पा.

हे सगळं कशासाठी, ते पहिल्या पानावर लिहून ठेवतो. २२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी पेठेत शिरलं तेव्हा मी घराच्या वरच्या मजल्यावर होतो. वीज गेली, थोड्या वेळाने फोन गेले. हातात पाच वॉटचा हँडहेल्ड (हातात धरायचा छोटा रेडिओ सेट) होता, पूर्ण चार्ज केलेला. मोठा सेट, बॅटरी आणि अँटेनाची केबल खाली दुकानात, पाण्याखाली. हँडहेल्डवर मी तासाभरात वीसेक वेळा पुकारा केला. ऐकायला कोणी नव्हतं. परवाना २००९ पासून माझ्या खिशात आहे, पण माझ्या गावात माझ्याशी बोलणारा दुसरा माणूस मी तयार केला नव्हता. समोरच्या गच्चीवरच्या बाई ओरडून सांगत होत्या की सासऱ्यांना इन्सुलिन हवं आहे. ते मी ऐकलं आणि पुढे कोणाला सांगू शकलो नाही. ही नोंदवही त्यासाठी आहे.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट स्पष्ट केली : परवाना नसलेल्याने माइकचं बटण दाबायचं नाही. परीक्षा द्यायची, कॉलसाइन (परवान्याबरोबर मिळणारं रेडिओवरचं ओळखनाव) घ्यायचं, मग बोलायचं. वयाची बारा वर्षं पूर्ण असली की परीक्षेला बसता येतं. खालच्या, रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स (तारेची कट्ट-कडकट्ट लिपी) लागत नाही, वरच्या, जनरलला तो मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने घ्यावा आणि पाठवावा लागतो. तोपर्यंत बाकीच्यांनी लिहायला आणि ऐकायला शिकायचं. दोघांचे चेहरे पडले. त्यांना वाटलं होतं आजच वॉकीटॉकी हातात मिळेल.

रविवार, २२ जानेवारी

रेडिओशिवाय पहिला सराव. वर्गाच्या दोन टोकांना दोन टेबलं, मध्ये पडदा, आणि कडेला मोठ्या आवाजात पंखा व मिक्सर. एकाने दहा संदेश वाचायचे, दुसऱ्याने लिहून घ्यायचे.

मला वाटलं होतं नावं चुकतील. आधी चुकले ते आकडे. "सात", "साठ" आणि "आठ" हे तिन्ही शब्द आवाजात एकमेकांत मिसळतात. "साठ माणसं शाळेत आहेत" याचं कागदावर "७ माणसं" झालं. सात माणसांना एक होडी पुरते, साठांना किती फेऱ्या लागतात ते गोवळकोटच्या काकांनी लगेच सांगितलं. तसंच सत्तावीस आणि सत्तेचाळीस, पंचवीस आणि पंचेचाळीस. आपल्या मराठी आकड्यांत एकक आधी आणि दशक मागून येतो, त्यामुळे शब्दाची शेपटी हरवली की दशकच हरवतो.

आजपासून नियम : आकडा एकएक करून सांगायचा. साठ म्हणजे "सहा, शून्य". सत्तेचाळीस म्हणजे "चार, सात". लिहून घेणाऱ्याने तो पूर्ण शब्दात परत म्हणायचा, "सहा शून्य, म्हणजे साठ". अंगणवाडीच्या ताई हे लगेच करायला लागल्या. रोज पोषण आहाराचे आकडे भरून त्यांचा हात आणि कान तयार झालेला आहे. आमच्यापैकी सगळ्यात स्वच्छ लिहिणाऱ्या त्या दोघीच.

पेन बंद, पेन्सिल सुरू. ओलसर कागदावर बॉलपेन घसरतं आणि जेलपेनची शाई पसरते. शिसपेन्सिल दमट कागदावरही उमटते. दोन्ही टोकं तासलेली पेन्सिल दोऱ्याने वहीला बांधायची.

रविवार, २९ जानेवारी

परीक्षेचे अर्ज. नऊ जणांचे भरले. दूरसंचार खात्याच्या सरल संचार पोर्टलवर फोटोचा आकार जमेना म्हणून दोन तास गेले. बाकी काही झालं नाही.

रविवार, १२ फेब्रुवारी

आज ज्या गोष्टीने मला रात्रभर झोप लागणार नाही ती घडली, सरावात का होईना.

वर्गाच्या मागच्या मैदानात एक स्टेशन, वर्गात दुसरं. दोन्हीकडे परवानाधारक बोलतोय, शेजारी बसलेला लिहितोय. संदेश होता : "खेंड येथे तीन वृद्ध छतावर, होडी पाठवा." लिहिला गेला : "खेड येथे तीन वृद्ध छतावर, होडी पाठवा."

खेंड आमच्या शहरातलाच भाग आहे. खेड तीसेक किलोमीटरवर, दुसरा तालुका, दुसरी नदी, जगबुडी. लिहून घेणाऱ्या मुलाने अजिबात निष्काळजीपणा केला नव्हता. नाकातला अनुस्वार एफएमच्या फरफरीत राहत नाही, एवढंच. आणि गंमत म्हणून नव्हे, काळजी म्हणून मी तिसरं नाव टाकून पाहिलं, खेर्डी. तेही दोनदा "खेडी" असं आलं. पेढे आणि पेढांबे यांचंही तसंच झालं, वाक्याचा शेवट तुटला की पेढांब्याचं पेढे होतं. आपल्या एकाच तालुक्यात ही जोडनावं इतकी आहेत की मी कधी मोजलीच नव्हती.

मुलगा हिरमुसून बसला. आप्पा त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, "बाळा, तुझा कान बरोबर आहे. जे हवेत आलं तेच तू लिहिलंस. नाव सांगणाऱ्यानं नुसतं नाव सांगायचं नसतं." मग आम्हाला म्हणाले, की तारेत पत्ता चुकला तर तार फिरत राहते, म्हणून आम्ही गावाच्या नावापुढे टपाल आणि तालुका लावल्याशिवाय तार घेत नसू.

त्यांचंच घेतलं. आजपासून आमच्या नोंदीत गाव एकटं येणार नाही. "खेंड, चिपळूण शहर." "खेड, तालुक्याचं गाव." "खेर्डी, एमआयडीसीची." "पेढे, परशुरामाच्या पायथ्याचं." ओळख दोन शब्दांची, रोजच्या बोलण्यातली. तालुक्यातली एकासारखी एक वाटणारी नावं प्रत्येकाने घरी जाऊन काढायची आहेत.

रविवार, २६ फेब्रुवारी

नावांच्या अठ्ठावीस जोड्या आणि त्रिकूटं जमली. भिंतीवर लावली.

आजचा विषय अक्षरं. कॉलसाइन जगभरच्या पद्धतीने सांगायचं, ए म्हणजे अल्फा, बी म्हणजे ब्राव्हो, व्ही म्हणजे व्हिक्टर वगैरे, त्यात काही बदल नाही. पण माणसाचं नाव, औषधाचं नाव, वाडीचं नाव मराठीत येतं. "ढेरे" हे आडनाव अल्फा-ब्राव्होत सांगायला गेलो तर आधी रोमनमध्ये लिहायचं, मग ते अक्षर अक्षर सांगायचं, पलीकडे ते परत देवनागरीत आणायचं. तीन ठिकाणी चूक होऊ शकते. डेरे, धेरे, ढेरे, काहीही उतरतं.

आपल्याकडे तर प्रत्येकाच्या डोक्यात बालवाडीपासून एक तक्ता आहे. क कमळाचा, ग गवताचा, छ छत्रीचा. अंगणवाडीच्या ताईंनी तो फळ्यावर लिहिला आणि आम्ही तो पंखा-मिक्सर लावून तपासला. जे दोन अक्षरी शब्द आहेत ते बुडतात. नळ, रथ, घर, ढग, ठसा, यातलं एकही पलीकडे धड पोचलं नाही. तीन-चार अक्षरी शब्द तरतात, कारण त्यातला अर्धा गेला तरी उरलेला ओळखू येतो. म्हणून नळाचा न काढून नारळाचा केला. रथाऐवजी रताळं. घराऐवजी घड्याळ. ढगाऐवजी ढोलकी. ठशाऐवजी ठिणगी. कोकणातल्या माणसाला नारळ आणि रताळं विसरायला होत नाही.

मग काना, मात्रा, वेलांटी, उकार. "ढ ढोलकीचा, एक मात्रा. र रताळ्याचा, एक मात्रा." हे सहा सेकंदांत पोचलं आणि पहिल्या झटक्यात बरोबर लिहिलं गेलं. वर्गातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अनुस्वाराला आम्ही "वर टिंब" म्हणायचं ठरवलं. खेंड म्हणजे "ख खटाऱ्याचा, एक मात्रा, वर टिंब, ड डमरूचा".

हे सगळं लांबण आहे, हे मान्य. म्हणून फक्त नावांना आणि फक्त शंका आली तरच. बाकी मजकूर साध्या बोलीत.

रविवार, ५ मार्च

उद्या होळी. चारच जण आले, तेही निघायच्या घाईत. शिमग्यात पालखी दारी येणार असताना कोकणी माणूस वर्गात बसत नाही आणि बसूही नये. गुढीपाडव्यानंतर भेटायचं ठरलं. हा खंड मी आधीच वेळापत्रकात धरायला हवा होता, पुढच्या वर्षी धरेन.

रविवार, २६ मार्च

मराठी वाक्याचा जीव शेवटी असतो. हे मी आज पन्नाशीत शिकलो.

संदेश : "पुलावरून पाणी जात नाही." आला : "पुलावरून पाणी जात." लिहिणाऱ्या ताईंनी क्षणभर थांबून "आहे" स्वतः जोडलं, कारण वाक्य अर्धं वाटत होतं. बोलणारा आमच्यातलाच अनुभवी माणूस. त्याने शेवटचा शब्द उच्चारता उच्चारता बटण सोडलं. सगळेच सोडतात. वाक्य संपत आलं की अंगठा आपोआप सैल पडतो. बोली अशी, की होकार-नकार ठरवणारा शब्द नेमका तिथेच, अंगठा उचलण्याच्या जागी, येऊन बसतो.

सुरुवातीलाही तसंच आहे. बटण दाबल्या दाबल्या बोललं की पहिलं अक्षर कापलं जातं, सेट बोलायला तयार व्हायला क्षणभर जातो. "असुरक्षित" चं "सुरक्षित" होतं. "अपूर्ण" चं "पूर्ण". "अशक्य" चं "शक्य". आज तिन्ही करून दाखवले. तिन्ही वेळा पलीकडे उलट अर्थ लिहिला गेला आणि लिहिणाऱ्याला शंकाही आली नाही, कारण उरलेला शब्द पूर्ण होता.

म्हणून : बटण दाबा, मनात "एक" म्हणा, मग बोला. बोलून झालं की मनात "एक" म्हणा, मग सोडा. नकार असेल तर तो संदेशाच्या आधी वेगळा सांगायचा. "नकारार्थी संदेश. पुलावरून पाणी जात नाही. नाही." आणि "अ" ने उलटणारे शब्द वापरायचेच नाहीत. असुरक्षित नव्हे, "धोक्याचं". अशक्य नव्हे, "जमणार नाही". अपूर्ण नव्हे, "झालं नाही".

रिक्षावाले दादांनी विचारलं, "मग आम्ही ते ओव्हर म्हणतो ते?" ते तर म्हणायचंच, आणि ते म्हणायचं कारण त्यांना आज समजलं : "ओव्हर" हा शब्द शेवटी असला की अंगठा "नाही" वर न सुटता "ओव्हर" वर सुटतो.

आज प्रत्येकाने फक्त बटणाचा सराव केला, बंद सेटवर, पंचवीस वेळा. कंटाळवाणं काम, कोणी कुरकुरलं नाही.

रविवार, ९ एप्रिल

अँटेना. हँडहेल्डबरोबर येणारी रबराची बोटभर अँटेना चिपळुणात उपयोगाची नाही. गाव वाटीत बसलेलं आहे, चहूकडे डोंगर. १४५ मेगाहर्ट्झच्या लहरी डोंगराला वळसा घालत नाहीत.

पितळी सळ्या, एक सॉकेट, चार नट-बोल्ट. उभी सळई ४९ सेंटिमीटर, खाली चार सळया ४५ अंशांत उतरत्या. पाव तरंगलांबीची "ग्राउंड प्लेन" नावाची अँटेना. एका अँटेनाचा खर्च चहापाण्यासकट साडेतीनशे. पाच केल्या. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप, एकच्या जितकं जवळ तितकं चांगलं) चारांचा दीडच्या आत आला, पाचवीचा डाख (सोल्डर) सुटला होता. चिव्याच्या बांबूवर बांधून गच्चीवर उभ्या केल्या आणि त्याच पाच वॉटमध्ये मिरजोळी आणि खेर्डी थेट ऐकू आले. गोवळकोट फरफरत आलं, गोविंदगडाच्या आडोशामुळे.

केबलबद्दल एक ताकीद लिहून ठेवतो. पातळ केबल, आरजी-५८, स्वस्त म्हणून वीस मीटर लांब घेतली तर या फ्रिक्वेन्सीला अर्ध्याहून जास्त शक्ती केबलमध्येच जिरते. माणूस अँटेनाजवळ बसवा, केबल लांबवू नका.

दुपारी परशुरामाच्या डोंगरावर गेलो. तिथून सगळं खोरं दिसतं आणि सगळं ऐकू येतं. रिपीटर (उंचावर बसवलेलं, ऐकलेलं पुन्हा जोरात पाठवणारं यंत्र) बंद पडला आहे असं धरूनच आम्ही आखणी करतोय, कारण रिपीटरला वीज लागते आणि मनोऱ्याला रस्ता लागतो. परशुरामला माणूस बसवला तर तोच आमचा रिपीटर : खालून ऐकेल, लिहील, पुन्हा सांगेल. त्याच्यासाठी घाट बंद व्हायच्या आधी वर जाऊन बसणं आलं. म्हणजे तो माणूस वरच राहणारा हवा. परशुराम गावातला एक मुलगा अर्ज भरलेल्यांत आहे, ते नशीब.

शनिवार-रविवार, २२-२३ एप्रिल

रात्रभर जागलो. जिल्ह्याचं ठिकाण रत्नागिरी, मध्ये डोंगर, व्हीएचएफने, म्हणजे आमच्या १४५ मेगाहर्ट्झने, पोचणं शक्य नाही. त्यासाठी ४० मीटर बँड, म्हणजे ७ मेगाहर्ट्झ. दोन माडांच्या मध्ये दहा-दहा मीटरच्या दोन तारा, जमिनीपासून जेमतेम पाच मीटर उंच. नवीन मुलांना वाटलं अँटेना उंच नेली की चांगली. लांबच्या देशांसाठी ते खरं. पण आम्हाला शंभर-दोनशे किलोमीटर हवं आहे, म्हणून तार मुद्दाम खाली बांधायची, लहरी जवळपास सरळ वर जातात, आयनांबरावरून (वातावरणाच्या खूप वरच्या, विद्युतभारित थरावरून) परतून भोवताली पावसासारख्या पडतात. मध्ये सह्याद्री असला तरी फरक पडत नाही.

संध्याकाळी रत्नागिरी, सातारा, पुणे, सगळे स्वच्छ आले. मग पहाटे चारला रत्नागिरी गायब. दक्षिणेकडची लांबची स्टेशनं जोरात येत होती आणि शेजारचं ठिकाण नाही. कारण माहीत होतं, तरी अंगावर काटा आला. पहाटे आयनांबर सगळ्यात विरळ असतो, सरळ वर गेलेले ७ मेगाहर्ट्झ परत न येता निघून जातात. उन्हं चढली तसं सव्वासातला रत्नागिरी परत आलं.

आमचा पूर पहाटेच आला होता.

तेव्हा ८० मीटरचा बँड लागणारच, त्याची कमी फ्रिक्वेन्सी पहाटेच्या विरळ आयनांबरावरूनही परतते. तार एकूण चाळीस मीटर, आमच्या आवारात मावत नाही. मेडिकलवाल्यांच्या मामांची आंब्याची बाग आहे, तिथे टोकं वाकवून बसवू. आप्पा रात्रभर आमच्याबरोबर बसले होते. पहाटे कोणीतरी मोर्स पाठवत होतं ते त्यांनी वहीवर उतरवून दाखवलं, डोळे मिटून. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. त्यांचा कान अजून चालू आहे.

रविवार, ७ मे

नेट कंट्रोल. नेट म्हणजे सगळ्या स्टेशनांनी ठरल्या वेळी एकाच फ्रिक्वेन्सीवर जमणं. सगळ्यांनी एकदम बोलायचं नाही, मध्ये एक माणूस, त्याच्या परवानगीनेच बोलणं. ऐकायला सोपं. करायला गेलं की पहिल्या पाच मिनिटांत चौघं एकमेकांवर बोलतात.

संदेशाचे चार दर्जे ठरवले आणि मराठी नावं दिली : आणीबाणी, अग्रक्रम, खुशाली, नेहमीचा. "खुशाली" हा शब्द एका ताईंनी सुचवला आणि सगळ्यांना एकदम पटला. पुरात सगळ्यात जास्त संदेश तेच असतात, मुंबईतल्या मुलाला सांगा आई माळ्यावर सुखरूप आहे. ते महत्त्वाचे आहेत, पण होडी मागणाऱ्याच्या मागे रांगेत.

चहाच्या वेळी अंदमानची हकीकत सांगितली. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम रेडिओच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला गेले होते, जगभरच्या हॅमना अंदमानशी संपर्क मिळावा म्हणून. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. फोन बंद. त्यांनी तोच सेट आणि तीच अँटेना मदतीला जुंपली, बेटांवरची खुशाली मुख्य भूमीवर पोचवली. मुलींपैकी एकीने विचारलं, "त्यांनी आधी याचं प्रशिक्षण घेतलं होतं का?" मी म्हटलं, तीनेक आठवडे दिवसरात्र शेकडो स्टेशनांची गर्दी आवरत कॉलसाइनं अचूक लिहून घेणं, याहून मोठं प्रशिक्षण काय असतं. तो विचार माझा मलाच उपयोगी पडला. रोजच्या गप्पांचं नेट आठवड्यातून दोनदा लावायचं ठरवलं, मंगळवार-शुक्रवार, रात्री नऊ. विषय काहीही, लिहिणं मात्र अचूक.

शब्दसंख्येचा वादही आज मिटला. संदेशाबरोबर शब्द किती ते सांगतात, म्हणजे एखादा गळला तर लगेच लक्षात येतं. पण "शाळे जवळ" दोन की "शाळेजवळ" एक? दोघांनी दोन तऱ्हा मोजल्या आणि दरवेळी हिशेब चुकला. आप्पांचा निवाडा : प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय जोडूनच, एकच शब्द. आकड्याचा गट एक शब्द. व्याकरणातही तेच आहे.

रविवार, २१ मे

मोठा सराव, नऊ ते बारा. पाच ठाणी : बाजारपेठ (कंट्रोल), परशुराम, गोवळकोट, खेर्डी, मिरजोळी. एप्रिलच्या शेवटी परीक्षा झाली, निकाल यायचे आहेत, म्हणून प्रत्येक ठाण्यावर परवानाधारक हवा होता. शेजारच्या तालुक्यांतून दोघे हॅम मित्र मदतीला आले.

४३ संदेश. ३७ अक्षर न अक्षर बरोबर. तीन पोचले पण वहीत चढलेच नाहीत, ऐकणाऱ्याला वाटलं शेजारी लिहितोय. दोनात आकडा चुकला. एक बरोबर लिहिला आणि खिशात राहिला, पोचवलाच नाही, दीड तासाने सापडला. म्हणजे सहापैकी चार चुका रेडिओच्या नाहीत. खेंड, खेड, खेर्डी मिळून अकरा वेळा आलं, एकदाही चुकलं नाही.

पण एक फार वाईट प्रसंग घडला. गोवळकोटच्या ठाण्यावर संदेश आला, "दोघे वाहून गेले." सुरुवातीला "हा सराव आहे" म्हटलं होतं. शेवटी म्हणायचं राहिलं. हँडहेल्डचा आवाज मोठा, शेजारी चहाची टपरी. ऐकणाऱ्याने मधलंच ऐकलं. वीस मिनिटांत एक आजी पदर सावरत, अनवाणी, ठाण्यावर येऊन उभ्या. नातू सकाळीच नदीवर गेला होता. "माझा आहे का त्यात? सांगा ना." होडीवाल्या काकांनी त्यांना हाताला धरून नातवाकडे नेलं. मी संध्याकाळी घरी जाऊन त्यांची माफी मागितली. त्यांनी पाणी दिलं, पण हात अजून थरथरत होता.

आजपासून सरावातल्या प्रत्येक संदेशाच्या आधी आणि नंतर "हा सराव आहे". प्रत्येक ठाण्यावर इअरफोन, स्पीकर बंद. मृत किंवा बेपत्ता माणसाचं नाव हवेत घ्यायचं नाही, कधीच, खऱ्या वेळीही नाही. गंभीर संदेशाला "बंद पाकीट" म्हणायचं आणि माणूस पाठवायचा.

रविवार, २८ मे

बॅटऱ्या. प्रत्येक ठाण्याला १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवर. शिशाची बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, तेव्हा हाताशी साडेतीन धरा. बोलणं कमी, ऐकणं जास्त, त्यामुळे दिवस निघतो. प्रत्येक बॅटरीवर चार्ज केल्याची तारीख चिकटपट्टीवर. आणि कोणतीही बॅटरी, सेट, केबल तळमजल्यावर ठेवायची नाही. मी प्रत्येकाच्या घरी जाऊन फडताळ पाहून आलो.

रविवार, ११ जून

पाऊस कोकणात पोचल्याची बातमी. निकाल लागले, नऊपैकी सात उत्तीर्ण. एक अंगणवाडीच्या ताई जिल्ह्यातून आमच्या ओळखीतल्या पहिल्या महिला हॅम होतील, कॉलसाइन यायचं आहे. दोघांनी परत बसायचं ठरवलं आहे.

गुरुवार, २० जुलै

काल रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सकाळपासून ४० मीटरवर ऐकतोय. वाडीला गाडीरस्ता नाही, चढून जावं लागतं, पाऊस थांबत नाही. आम्ही इथून काही करू शकत नाही आणि नको तिथे बोलून बँड अडवायचा नाही, म्हणून फक्त ऐकलं.

२२ जुलै २०२१ ला आम्ही पाण्यात होतो त्याच दिवशी महाडच्या तळियेत दरड आली होती. तिथे मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला होता. आम्ही सहा महिने नदीचा विचार करतोय. डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांचा एकदाही केला नाही.

संध्याकाळी सगळे जमले, कोणी न बोलावता. तालुक्याचा नकाशा पसरला. गाडीरस्ता नसलेल्या, उताराखालच्या वाड्या खुणा करून काढल्या. रिक्षावाल्या दादांना सगळ्या तोंडपाठ, कुठपर्यंत रिक्षा जाते आणि कुठून पायी. एकोणीस वाड्या निघाल्या. तिथे आमचं एकही माणूस नाही.

रविवार, २३ जुलै

नेट सकाळी सहाला लावलं, पाऊस सुरू असताना. अकरा स्टेशनं. ८० मीटरवर रत्नागिरी पहाटेही आलं, आंब्याच्या बागेतल्या तारेने काम केलं. परशुरामच्या मुलाला कॉलसाइन मिळालं आहे, आज पहिल्यांदा स्वतःच्या नावाने बोलला, आवाज कापत होता, आकडे मात्र एकएक करून सांगितले.

नेटनंतर होडीवाल्या काकांबरोबर एकोणीसपैकी पहिल्या वाडीत गेलो. पाऊण तासाची चढण. हँडहेल्डला वाडीत काही नाही, वरच्या खळ्यात परशुराम स्वच्छ. शाळेच्या पडवीत बारा-तेरा मुलं बसली होती. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, मला हे शिकता येईल का. वय विचारलं, बारा पूर्ण. तिला पेन्सिल आणि वही दिली, आणि पहिला संदेश लिहायला सांगितला : स्वतःच्या वाडीचं नाव, ओळखीसकट. तिने लिहिलं आणि विचारलं, "वर टिंब आहे, ते वेगळं सांगू का?"

पुढच्या रविवारी दुसरी वाडी. काका येणार आहेत. चिव्याचे चार बांबू आणि दोन अँटेना बरोबर न्यायच्या आहेत.